व्हिसाच्या टेबलावर मिस्त्रींचं नाव

मिस्त्रीबाबा, मागच्या महिन्यात हैदराबादला एका मॅडमनं मला विचारलं, हे काम तुम्हाला शिकवलं कोणी? प्रश्न सोपा होता आणि उत्तर मला येतं असं मला वाटत होतं. त्या टेबलाशी काय झालं ते मी घरी कोणाला पुरतं सांगितलेलं नाही. लेकीला अर्धं सांगितलं, शेठला त्याहून कमी. तुम्हाला सगळं सांगते, कारण गोष्ट तुमचीच आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आता तुमच्या जागेवर मी आहे. फिटरची पेटी माझ्याकडे असते आणि हंगामात मशीन बंद पडलं की पोरं मलाच हाक मारतात. पण हजेरीच्या रजिस्टरात माझ्या नावापुढं आजही ‘महिला मजूर’ असंच लिहिलेलं आहे. तेवीस-चोवीस वर्षांत ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

यंदा शेठनी जुन्या लाइनीतली बारा मशीनं आफ्रिकेतल्या एका जिनिंगला विकली. तिकडचे मॅनेजर सौद्याआधी पाहायला आले होते. ते अर्धा दिवस माझ्या मागं उभे राहिले. मी मशीनमध्ये सुऱ्या बसवत होते आणि ते पाहत होते. जाताना शेठला म्हणाले की मशीनं घेतो, पण ही बाई येऊन बसवून देईल आणि आमच्या बायांना शिकवेल, तरच. शेठनी मला ऑफिसात बोलावलं. मी दारातच उभी राहिले, तुम्ही राहायचे तशी. ते म्हणाले, “बाई, महिनाभराचं काम आहे. जाशीन का? तू नाई म्हनली तर हा सौदा फिरते.” मी हो म्हटलं. घरी येऊन माझ्या मालकांना, लेकीच्या बापाला, सांगितलं. ते जैनथ-आदिलाबाद ऑटो चालवतात, सकाळचे थकून बसले होते. ते फक्त म्हणाले, “इमानानं जा लागते ना?” आमच्या घरात अजून कोणी विमानात बसलेलं नव्हतं.

त्या देशाचा तीस दिवसांचा बिझनेस व्हिसा काढायचा होता. लेक हैदराबादला शिकते, सुटीत घरी आली होती. तिनं फॉर्म मोबाइलवर भरायला घेतला. नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, जन्मगाव, इथपर्यंत ठीक चाललं. मग तिनं विचारलं, “आई, हुद्दा काय लिहू?” मी म्हटलं, “लेबर लिव.” तिनं मोबाइल खाली ठेवला. “लेबरले बिझनेस व्हिसा कोन देते, आई? शेठच्या पत्रात तर सीनियर टेक्निशियन लिहिलं हाय.” मी पत्र पाहिलं. खरंच तसं लिहिलं होतं, शेठची दस्तखत, शिक्का, सगळं. आणि सोबत जोडायच्या पगाराच्या कागदावर मजूर. दोन्ही कागद एकाच ऑफिसातून आलेले. लेकीनं पुढचा रकाना वाचला, तांत्रिक शिक्षणाचा दाखला. मी सातवी पास आहे, तेही जैनथच्या मराठी शाळेत. तुम्ही शिकवलेल्या कामाचा कागद कधी कोणी दिला नाही. तुम्हालाही कोणी दिला नसेल.

तेव्हापासून माझी झोप गेली. दिवसा कामात हात चालायचा, पण डोक्यात तोच रकाना. आणि तुमच्या आठवणी येत राहिल्या, ज्या एरवी येत नाहीत. मी एकोणीस-वीस वर्षांची, डोक्यावर कापसाचं टोपलं, मशीनपाशी ओतून परत जायचं, दिवसभर एवढंच. तुम्ही चौथ्या मशीनजवळून जाताय. मी म्हणते, “बाबा, याचा आवाज आज वेगळा येऊन राह्यला.” तुम्ही थांबता. “कसा येऊन राह्यला?” “दातात खडा आल्यावानी.” तुम्ही मशीन बंद करायला लावता, झाकण उघडता. हलत्या सुरीचा एक बोल्ट ढिला निघतो. अजून घटकाभर चाललं असतं तर सुरी तुटून कोणाच्या तरी अंगावर आली असती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “घरी कोन कोन हाय?” मला वाटलं कामावरून काढतात. मी सांगितलं, जैनथकडं बाप भाजीपाला लावते, दोन भाऊ हायेत. तुम्ही म्हणालात, “उद्यापासून टोपलं नोको उचलू. माझ्यासंगं राय.”

चार दिवसांनी तुम्ही कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. दोन खाकी शर्ट होते, पुऱ्या बाह्यांचे, शिंप्याकडून माझ्या मापाचे शिवून आणलेले. माप तुम्ही नुसतं नजरेनं सांगितलं असणार. पदर मशीनच्या पट्ट्यात जाऊ नये म्हणून. लुगड्यावर शर्ट घालून मी आत आले तेव्हा टोपलेवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही कोणाकडं न बघता म्हणालात, “बटनं वरपावतो लाव.” त्या दिवशी दुपारी तुमच्या खोलीत जेवायला नेलंत. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या मागची ती एक खोली, चूल दारातच. मावशीनं, तुमच्या कारभारणीनं, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तुमच्याबद्दल ती माझ्याशी बोलत होती, तुम्ही पैनगंगेपल्याडचे, हंगामापुरते आलेले आणि इथंच राहिलेले. पण बोलताना ‘आमचे हे’ म्हणायची, तुम्हाला हाक मारताना ‘अवो’. सगळे तुम्हाला मिस्त्री म्हणायचे. मी मिस्त्रीबाबा म्हणायचे. दारावर पाटी नव्हती. पाटी कोण लावतं अशा खोलीला.

आणि ते सातवं मशीन. तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, पण मला आठवतं. मला शिकून दोन हंगाम झाले होते. आवक जोरात होती, मार्केट यार्डापासून गाड्यांची रांग लागलेली. तुम्ही मला सातव्याच्या सुऱ्या बसवायला सांगितल्या आणि प्रेसकडं गेलात. सुऱ्यांमधलं एका बाजूचं अंतर मी मोजलं, दुसऱ्या बाजूचं मोजलंच नाही, डोळ्यानं बरोबर दिसलं म्हणून. तुम्ही लांबूनच विचारलं, “झालं का?” मी म्हटलं, “झालं.” मशीन सुरू झालं. थोड्या वेळात तुम्ही आलात, मशीनमागची रुई मुठीत घेतली, उघडली. आत सरकीचे फुटके तुकडे होते. तुम्ही मशीन थांबवलं. सगळ्या बाया थांबल्या. तुम्ही ती मूठ माझ्या तोंडापुढं धरली. “हे झालं व्हय? कोनी मोजलं?” मी पाना खाली ठेवला. “नाई मोजलं तर नाई मोजलं म्हन. येत नसल तर येत नाई म्हन. मी काई रागावलो होतो का तुले आजपर्यंत?” त्या दिवशी तुम्ही रागावलात. मला सगळ्यांसमोर दोन्ही बाजू उघडायला लावल्या आणि पुन्हा मोजेपर्यंत तिथून हलला नाहीत. मी रडत मोजत होते. तुम्ही मधे एकदा पाणी आणून ठेवलंत.

हे मी इतकं लिहिते त्याला कारण आहे. व्हिसाची फाइल तयार करणारा एक एजंट लेकीनं हैदराबादेत शोधला होता. फाइल पाहून तो फोनवर तिला म्हणाला, “अम्मा की फाइल कमजोर है. आयटीआय का सर्टिफिकेट लगा देंगे. फिटर ट्रेड. उधर कोई चेक नहीं करता.” मी नको म्हटलं. लेक म्हणाली, “काम येते ना तुले? खरंच येते ना? मंग तो कागद खोटा कसा? तो फक्त उशिरा येऊन राह्यला.” मी पुन्हा नको म्हटलं नाही, एवढंच. आठ दिवसांनी पाकीट आलं. त्यात माझा फोटो लावलेला दाखला होता, निर्मल गावच्या कुठल्याशा संस्थेचा, जी आहे की नाही देव जाणे. ज्या वर्षी मी टोपली उचलत होते त्या वर्षी मी पहिल्या श्रेणीत पास झाले होते. तुम्हाला खरं सांगते, तो कागद मी किती वेळ पाहत बसले. माझं नाव आणि पुढं फिटर. छान दिसत होतं.

हैदराबादला त्या देशाच्या व्हिसाच्या कचेरीत मुलाखतीच्या दिवशी दाखला फाइलीत मागं होता. लेक बाहेरच्या झाडाखाली बसली, आत फक्त अर्जदाराला सोडत होते. आत थंडगार, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, सगळी माणसं हातात फाइल धरून समोरच्या भिंतीकडं पाहत बसलेली. सगळे सुटाबुटातले. माझ्या शेजारी एक माणूस पुटपुटत उत्तरं पाठ करत होता. मला तहान लागली होती पण उठले आणि नंबर गेला तर, म्हणून उठले नाही. खिडकीवर बोलावलं तेव्हा तिथल्या पोरीनं एकेक कागद मोजून घेतला. पासपोर्ट, निमंत्रणपत्र, शेठचं पत्र, पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड. मग तिनं हात पुढं केला, “टेक्निकल सर्टिफिकेट?” माझी बोटं त्या कागदावर होती. बाहेर ओढायचा, एवढंच. मला ती मूठ दिसली, रुईत फुटलेली सरकी. मी म्हटलं, “नहीं है.” ती म्हणाली, “फिर मॅडम बुलाएंगी. बैठिए.”

मॅडम पन्नाशीच्या असतील. चष्मा, केस मागं घट्ट बांधलेले. त्यांनी मला बसा म्हटलं. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मग बोट ठेवून म्हणाल्या, “इधर टेक्निशियन, इधर मजदूर. कौन सा झूठ है?” मी माझ्या हिंदीत म्हटलं, “मॅडम, दोन्हीं शेठ के ही कागज हैं. काम मैं टेक्निशियन का करती. रजिस्टर में किसी ने बदला नहीं.” त्यांनी मान वर केली. “तो बताओ काम. मुझे कुछ नहीं मालूम, समझो.” मी इकडंतिकडं पाहिलं. त्यांच्या टेबलावर रेघा मारायच्या दोन पट्ट्या होत्या. मी विचारलं, घेऊ का? त्यांनी हो म्हटलं. मी एक फाइल गुंडाळून रोलर केला, डाव्या हातानं एक पट्टी त्याला टेकवून धरली, ही सुरी जागची हलत नाही म्हटलं. दुसरी पट्टी खालीवर केली, ही हलते, ही सरकीला ढकलते, रुई रोलरला चिकटून मागं जाते, सरकी खाली पडते. अंतर जास्त झालं तर कापूस तसाच पडतो. कमी झालं तर सरकी फुटते आणि रुईत जाते, मग ती रुई कोणी घेत नाही. बोलता बोलता माझी भीती कुठं गेली कळलं नाही. मी त्यांना आवाजसुद्धा करून दाखवला, चांगल्या मशीनचा आणि वाईटाचा. त्या हसल्या नाहीत. पण पेन खाली ठेवला होता.

मग त्यांनी विचारलं, “किससे सीखा?” मी म्हटलं, “मिस्त्रीबाबा से.” त्यांनी लिहायला पेन उचलला. “नाम?” मी म्हटलं, “मिस्त्रीबाबा.” त्या म्हणाल्या, “मिस्त्री काम हुआ, बाबा रिश्ता हुआ. नाम बताओ उनका. फाइल में लिखना है, सर्टिफिकेट नहीं है तो किसने सिखाया वह तो लिखूंगी ना.”

मिस्त्रीबाबा, मला तुमचं नाव येत नव्हतं.

मी खरंच आठवून पाहिलं. बारा-तेरा वर्षं तुमच्यासोबत काम केलं. तुमच्या खोकल्यावरून तुम्ही कुठल्या मशीनपाशी आहात ते मला कळायचं. तुमच्या तिरडीमागं पैनगंगेच्या वाटेला लागलेल्या माणसांत मी होते, तिथंही सगळे म्हणत होते, मिस्त्री गेले. मावशी नंतर भावाकडं पल्याड निघून गेली, तिलाही मी विचारलं नव्हतं. आता त्या मॅडमच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि मी बसले होते तोंड उघडं ठेवून. ज्यानं शिकवलं त्याचं नाव येत नाही म्हटलं तर सगळंच खोटं ठरतं, असं वाटलं. मी एक नाव सांगितलं. ते माझ्या बापाचं नाव होतं. तेच तोंडात आलं.

त्यांनी लिहिलं. मग फॉर्मकडं पाहिलं. मग माझ्याकडं. “यह तो आपके पिताजी का नाम है. उधर लिखा है, सब्जी उगाते थे.” मी म्हटलं, “वो अलग हैं, मॅडम. दोनों का एक ही नाम.” हे दुसरं खोटं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, “मैं आपके शेठ को फोन कर के पूछ सकती हूँ.” मी म्हटलं, “पूछिए.” कसं म्हटलं माहीत नाही. त्यांनी एक चिठ्ठी दिली, त्यावर ऑफिसचा फोन नंबर होता. काही सांगायचं राहिलं असेल तर या नंबरवर सांगा, निकाल कळवू, असं म्हणून त्यांनी दुसऱ्याला बोलावलं.

बाहेर लेकीनं विचारलं, “दिला का कागद?” मी नाही म्हटलं. ती चिडली, मग माझ्याकडं पाहून तिनं हातातली फाइल घेतली. बसस्टँडवर तिला चहा आणायला पाठवलं आणि शेठला फोन लावला. म्हटलं, तिकडून कोणी फोन करून मिस्त्रींचं नाव विचारलं तर अमुक सांगा. शेठ म्हणाले, “काऊन वो बाई? त्यायचं नाव तर हे नव्हतं.” मी विचारलं, “मंग काय होतं?” शेठनी तिकडं मुनीमजींना विचारल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “पाहा लागते. आम्ही बी मिस्त्रीच म्हनत होतो ना.”

दुसऱ्या दिवशी मी आणि मुनीमजी जुनी रजिस्टरं काढून बसलो. तुमच्या हजेरीच्या ओळीत सगळीकडं ‘मिस्त्री’ लिहिलेलं. कितीतरी पानं उलटली. शेवटी एका जुन्या पेन्शनच्या फॉर्मवर तुमचा फोटो सापडला, डोळे मिचकावलेले, खाकी शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. त्याखाली पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. दस्तखतीच्या जागी अंगठा. तुम्हाला सही येत नव्हती हेही मला तेव्हाच कळलं. मी नाव एका चिठ्ठीवर उतरवून घेतलं. त्याच संध्याकाळी तो निर्मलचा दाखला पाणी तापवायच्या चुलीत घातला, लेकीच्या देखत.

मग वाट पाहणं. रोज मोबाइलवर तेच, अर्ज विचाराधीन आहे. मशीनं बंदराकडं निघून गेलेली. शेठ दिवसातून दोनदा विचारायचे आणि मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं, ते जास्त वाईट होतं. ऑफिसातला फोन वाजला की माझ्या हातातला पाना थांबायचा. नवव्या दिवशी दुपारी मेसेज आला. तीस दिवस, एकदाच प्रवेश. मुनीमजींनी पेढे आणले. रविवारी मी निघते. मॅडमनी शेठना फोन केलाच नव्हता. का नाही केला, मी किती विचार केला तरी कळत नाही.

सगळ्यांना वाटतं मी खोटा कागद दाखवला नाही म्हणून मोठी खरी बाई. लेक तर मैत्रिणींना सांगत सुटली आहे. म्हणून हे तुम्हाला लिहितेय, आणि लिहून हे पत्र पाकिटात बंद करून ठेवणार आहे, कारण कुठल्या पत्त्यावर टाकायचं. त्या नऊ दिवसांत तुमचं खरं नाव माझ्याजवळ होतं आणि मॅडमचा नंबरही होता. एकदा तर मी नंबर लावलासुद्धा, पण घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. व्हिसा जाईल याची भीती होतीच. पण तेवढंच नव्हतं. तुमचं ते कागदावरचं नाव मी आज दुपारी घरात कोणी नसताना दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कोणा परक्या माणसाला हाक मारल्यासारखं वाटलं. त्या टेबलावर मी जे बापाचं नाव सांगितलं, ते खोटं असूनही, मला अजून जास्त बरोबर वाटतं.